मोठीला आपण का गेलो नाही

रशीद, तेलगावच्या फाट्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. तुला आवडला नसता. भाच्याच्या लग्नातला तो गॉगलवाला फोटो घेतलाय आणि तुझ्यामागं कम्प्युटरवर वाळूच्या टेकड्या काढल्यात. शेरवानी घालून भर वाळवंटात उभा आहेस तू. खाली ठळक अक्षरात लिहिलंय, ‘रशीदभाईंचे अधुरे स्वप्न आम्ही पूर्ण करणार’. त्याच्याही खाली आपल्या पुढारी तात्यांचा फोटो आहे, तुझ्यापेक्षा मोठा.

पहिल्यांदा बघितला तेव्हा मला हसूच आलं. गाडी बाजूला घेऊन मी एकटाच हसलो. आपण दोघं असतो तर तू त्या शेरवानीवरून आठवडाभर तात्यांची मिमिक्री केली असतीस. मग हसता हसता लक्षात आलं की हे स्वप्न तुझ्या गळ्यात मीच मारलंय. तात्यांनी फक्त छापून आणलं.

तुला वाळवंटाचं काडीचं कौतुक नव्हतं. राजस्थानातली ती आठवडाभर चालणारी मोटारसायकलींची शर्यत, जिला देशभरातल्या टीमा जातात, जिचे व्हिडिओ बघत मी दुकानात गिऱ्हाईक ताटकळत ठेवायचो, तिचं नावसुद्धा तू कधी धड घेतलं नाहीस. ‘मोठी’ म्हणायचास. मग आपण सगळेच मोठी म्हणायला लागलो. आणि मोठीच्या नावनोंदणीचे दिवस आले, मी तुझ्या गॅरेजात येऊन स्टुलावर बसलो, की तू गाडीखालून डोकंही बाहेर न काढता सांगायचास, “यंदा न्हाई.” दर साली तेच. वडवणीच्या त्या पत्र्याच्या गॅरेजातून आपण टीम काढली, मी आणि बाळू चालवणारे, तू गाड्या बांधणारा, लोक आपल्याला फटफटी मंडळ म्हणून चिडवायचे, तेव्हापासून तेच. शेतातल्या धावपट्टीवरच्या शर्यती आपण केल्या, माळावरच्या केल्या, घाटातल्या केल्या. मोठी तेवढी नाही.

आता सभेचं सांगतो, म्हणजे हे स्वप्न कुठून आलं ते तुला कळेल.

तुझी शोकसभा तात्यांनी घेतली. त्यांच्या जिपा तू दुरुस्त करायचास, त्यामुळं हक्कच होता त्यांचा. मंडप होता, खुर्च्या होत्या, तुझ्या फोटोला हार होता. तू दुपारी गॅरेजात छाती धरून बसलास आणि बीडला पोचायच्या आत संपलास, हे जो तो उठून नव्यानं सांगत होता. मला ते ऐकवत नव्हतं. मग तात्यांनी माझ्या हातात माईक दिला. म्हणाले, “दत्ता त्याचा जिगरी. बोल दत्ता.”

मी म्हणालो, “असं एक बी साल गेलं न्हाई, की रशीदनं मोठीचा इचार केला न्हाई.”

वाक्य खरं होतं. तू दर साली विचार करायचासच. विचार करून नाही म्हणायचास. पुढचं अर्धं वाक्य माझ्या तोंडात होतं. पण समोरच्या रांगेत कुणीतरी रुमाल काढला, बाळू हमसून रडायला लागला, आणि मी माईक खाली ठेवला. पुढं बोलायचं होतं पण कंठ दाटून आला, असं मी नंतर लोकांना सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. तुला सांगत नाही. माझा कंठ चांगला मोकळा होता. अर्ध्या वाक्याचं काय होणार हे मला दिसत होतं आणि मी ते होऊ दिलं.

तात्या उठले. म्हणाले, “आमच्या रशीदचं सपान आमी अधुरं राहू देनार न्हाई. दत्ता, तू मोठीला जायाचं. खर्च माझा.” टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या, रशीद. मी मान खाली घातली होती, त्यामुळं लोकांना वाटलं मी रडतोय.

हे वाईट आहे. पण याच्या आधीचं याहून वाईट आहे. ते कुणालाच माहीत नाही.

कब्रस्तानात तुझ्यावर माती टाकली, नळावर हात धुतले. तुझ्या नातेवाइकांत मी कुठं उभं राहावं ते मला कळत नव्हतं, म्हणून भिंतीकडेला थांबलो होतो. दुःख होतं, ते खोटं नव्हतं. आणि त्याच वेळी, कुणी कानात सांगावं तसं, मनात आलं, ‘आता नाही म्हणणारं कुणी राहिलं नाही.’ तुझ्या अंगावरची माती अजून ओली होती. माझ्या मनानं लगेच हिशोब लावला, गाडी तयार आहे, नोंदणी अजून उघडलेली नाही, वेळ आहे. मला माझीच किळस आली. मात्र तो विचार गेला नाही, तो माझ्यासोबत गाडीवर बसून घरी आला.

एकेचाळीस वर्षांचा ठिबकच्या नळ्या विकणारा माणूस, पोट सुटलेला, हेल्मेट घातलं की गळ्याला वळ्या पडणारा. मला वाटायचं, आता नाही तर कधीच नाही. आणि त्या ‘आता’च्या आड तू उभा होतास. म्हणून मी मनातल्या मनात तुला किती शिव्या घातल्या असतील, तू ऐकल्या असत्यास तर माझ्यासाठी गाड्या बांधल्या नसत्यास.

आपलं भांडण तसं एकच, फक्त कारणं तू बदलायचास. एका साली तू म्हणालास, ऊस तोडायच्या दिवसात शर्यत ठेवतेत, बाळूचा ट्रॅक्टर कारखान्यावर, मग जायाचं कुणी. एका साली म्हणालास, गाडी वाळूची न्हाई, आपल्या काळ्या रानाची हाय. एका साली तर तू नगरकडच्या एका टीमच्या मिस्त्रीला फोन लावून स्पीकरवर ठेवलास. तो सांगत होता, एकदा गेलो, गाडीचा खुळखुळा होऊन परत आला, आख्ख्या साली दुसरी शर्यत करता आली न्हाई, आता पुन्यांदा नाव काढत न्हाई. लातूरकडचे जात नाहीत, कारण त्यांच्या चालवणाऱ्याचा हात तिथं मोडला. अमके जात नाहीत, तमके जात नाहीत. न जाणाऱ्यांची माहिती तू अशी गोळा करायचास जसं कुणी सोयरीक जमवताना घराण्यांची करावी.

मी म्हणायचो, “समदे भित्रे एका जागी जमवलेस.”

तू म्हणायचास, “जो जातो त्याचा फोटो येतो बे. जो जात न्हाई त्याला कुणी इचारतं का, कावून गेला न्हाईस? समदे समजतेत, ऐपत न्हाई. अक्कल हाय म्हणून गेला न्हाई, असं कुणी म्हणत न्हाई.”

पण खरं कारण तू एकदाच सांगितलंस, पाटोद्याच्या शर्यतीनंतर. ते मी विसरल्याचं सोंग केलं.

आठवतं का? माळावर आखलेला रस्ता होता, लांबलचक, दगडगोट्यांचा. मी पुढं होतो. बाळू मागं कुठंतरी धुळीत. आणि पलीकडच्या वळणावर माझी चेन तुटली. चेन तुटणं काय नवीन होतं? चेन जोडायची कडी सीटखालच्या पिशवीत होती, पक्कड होती, तूच ठेवलेली. दहा वेळा दाखवलंही होतंस, अशी कडी घालायची, तिच्यावर अशी लॉकची पट्टी सरकवायची, पट्टीचं तोंड इकडं. मी खाली उतरलो. पिशवी उघडली. आणि मला काही सुचेना. कडी हातात, पक्कड हातात, चेन मातीत. गाड्या शेजारून चालल्यात. मी काय केलं? उठून उभा राहिलो आणि दोन्ही हात वर केले. लेकरू पाण्यात घाबरल्यावर करतं तसे.

तू माळाच्या दुसऱ्या टोकाला होतास. तिथून तू पळत आलास. तुझं ते वजन, पायात चपला, त्यातली एक काट्यात राहिली. आलास, मला ढकललंस, चेन बसवलीस, ढुंगणावर चापट मारून म्हणालास, “चल, निघ.” मी तिसरा आलो. तिसरा आल्याचं बक्षीस घेताना मी स्टेजवर हात वर केले तेव्हा तू खाली उभा राहून काटे काढत होतास.

परतीच्या वाटेवर टेम्पोत तू उरलेले काटे काढत होतास. मग म्हणालास, “मोठीत मधला एक मुक्काम आसतो. तितं मिस्त्रीला गाडीजवळ येऊ देत न्हाईत. चालवणाऱ्यानंच समदं बघायचं. मला तारेच्या पल्याड उभं करतील, दत्त्या. वाळूत कोण पळंल बे तुझ्यासाठी?”

मी बाहेर बघत राहिलो. बाळू झोपला होता. तू पुन्हा म्हणालास, “महिनाभर गॅरेजात बस. हाताला सवय लाव. शिकून घे, मग बघू.”

मी म्हणालो, “मी गाडी चालवायला जल्मलोय, पाने फिरवायला न्हाई.”

असं बोललो मी. गाडीत बसून, तुझ्या पायात अजून काटा असताना. तू हसलास आणि विषय सोडलास. दुसऱ्या साली मी परत स्टुलावर येऊन बसलो, आणि तू गाडीखालून म्हणालास, यंदा न्हाई.

पाटोद्याचं कारण तू गावात कुणालाच सांगितलं नाहीस. बाळूलाही नाही. उलट लोकांत मी काय केलं ते सांगू? बसस्टँडसमोरच्या हॉटेलात एका टोळक्यानं विचारलं, तुमची टीम मोठीला का जात नाही? मी म्हणालो, “आमच्या रशीदला घराभायेर झोप येत न्हाई.” सगळे खो खो हसले. तूही हसलास, बशीतला चहा सांडला तुझ्या. तेव्हापासून वडवणीत तुला जो तो विचारायचा, काय रशीदभाई, झोप आली का? पंक्चर काढायला आलेली पोरं विचारायची. तू म्हणायचास, “न्हाई ना बाबा, डास लई.” एकदाही तू म्हणाला नाहीस, की ह्या दत्त्याला चेन बसवता येत नाही म्हणून आमची टीम घरी बसते. एवढं म्हणायला तुला किती वेळ लागला असता?

तात्यांनी खर्च देतो म्हटल्यावर मी लगेच कामाला लागलो. तेरा दिवसांचा वगैरे प्रश्न नव्हता, आमच्यात तुमच्यात दिवस वेगळे, आणि ही पळवाट मला बरी वाटली. गाडी तुझ्या गॅरेजातच होती. गॅरेजची किल्ली मागायला मी तुझ्या घरी गेलो. भाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर बाईनं काही महिने घरातच राहायचं असतं ते, त्यामुळं मी बाहेरच्या खोलीत बसलो आणि त्या पडद्याआडून बोलल्या. इतकी वर्षं त्यांच्या हातचं खाल्लंय, त्यांच्या समोर बसून तुझ्या चुगल्या केल्यात, आणि आता मी पडद्याशी बोलत होतो. पडद्यावर पोपट होते. मी पोपट बघत बसलो.

“दत्ताभाई,” त्या म्हणाल्या, “फाट्यावर काहीतरी लावलंय म्हनं.”

“तात्यांनी फोटो लावलाय.”

“सपान लिवलंय म्हनं.”

मी गॅरेजची किल्ली मागितली.

“तुमाला कधी बोलले का ते, मला जायाचं हाय म्हणून? मला तर न्हाई बोलले. मला बोलायचे, दत्त्या तितं गेला तर माझ्या घशाखाली घास उतरनार न्हाई.” मग म्हणाल्या, “तुमचं सपान हाय ना? मग तुमचं म्हना. जावा खुशाल. पण त्यांच्या नावानं नका जाऊ. जित्ते होते तवर न्हाई म्हणत होते. आता त्यांना न्हाई म्हनता येत न्हाई.”

आवाजात राग नव्हता, रशीद. रागावल्या असत्या तर मी काहीतरी बोलून निभावून नेलं असतं, मला तेवढं येतं. पडद्याच्या खालून किल्ली पुढं सरकली. “गाडी तुमचीच हाय,” त्या म्हणाल्या, “चहा पिऊन जावा.” चहा तुझ्या पुतणीनं आणला. तो मी प्यायलो. कसा प्यायलो ते विचारू नकोस.

तिथून मी सरळ तात्यांकडं गेलो. उद्यावर टाकलं असतं तर गेलोच नसतो. अंगणात माणसं बसली होती, त्यांच्यादेखतच सांगितलं. म्हणालो, “तात्या, रशीदचं हे सपान नव्हतं. त्याचा इरोध होता. सभेत मी अर्धंच बोललतो.”

तात्या म्हणाले, “आता लोकांनी मनावर घेतलंय दत्ता. त्याला कुठं कळनार हाय?”

“मला कळतंय.”

“मग सपान कुनाचं?”

“माझं.”

“तुझ्या सपनाचा फ्लेक्स कसा लावू?” तात्या खऱ्या काळजीनं म्हणाले. “तू तर जित्ता हायस.”

अंगणातली माणसं हसली आणि मीही हसलो. हे ऐकायला तू हवा होतास, म्हणून हसलो. तात्या मात्र वाईट माणूस नाहीत. फ्लेक्स उतरवतो म्हणाले, अजून उतरवलेला नाही ते वेगळं. आणि जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बरं जा तू. तुझ्या नावानं जा. खर्चाचा शब्द दिलाय, तो मी फिरवत न्हाई.”

झालं. मला वाटलं होतं तात्या हात वर करतील आणि सुटका होईल. सुटका, हाच शब्द मनात आला, आणि तो ऐकून मी चपापलो. सुटका कशाची? भाभींनी जा म्हटलं होतं, तात्यांनी जा म्हटलं होतं, बायको म्हणाली होती की एकदाचे जाऊन या, म्हणजे घरात त्या मोठीचं पुराण थांबेल. बाळू तर गाडी चढवायला टेम्पो ठरवून बसला होता. वाटेत कुणी नव्हतं. इतक्या वर्षांनी समोर मोकळा रस्ता होता आणि कुणीतरी आडवं येतंय का, ते मी बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेज उघडलं. तुझा वास अजून आहे तिथं, ऑइलचा आणि तुझ्या त्या गुलाबाच्या तंबाखूचा. गाडी स्टँडवर होती. प्रत्येक नटावरून बोल्टपर्यंत तू ओढलेली लाल रेघ होती, भाभींच्या नेलपॉलिशची. रेघ तुटली की समजायचं नट ढिला झाला. कुठल्या गॅरेजात असं करतात? तू करायचास, आणि भाभी बाटल्या लपवून ठेवायच्या. सगळ्या रेघा जागच्या जागी होत्या. मी चेनजवळ बसलो. ठरवलं, आज आपल्या हातानं काढायची आणि बसवायची, बाकी काही नको.

काढता आली. काढायला काय लागतं? मग बसवायला घेतली. कडी घातली, पट्टी काही सरकेना. सरकली तर उलटी सरकली. पक्कड घसरली, अंगठा सोलला. परत केलं. परत. पट्टी उडून कुठं गेली ती दिसेना, मी गुडघ्यावर रांगत तिला शोधत होतो आणि शोधता शोधता दाराकडं बघत होतो. कुणाची वाट बघत होतो मी? बराच वेळ गेल्यावर कळलं की मी पट्टी शोधतच नव्हतो.

तिथं फरशीवर बसून मला सगळं धड कळलं, रशीद. मला तुझ्या नकाराचा राग यायचा हे खरं. पण तू नाही म्हणालास की त्या रात्री मला गाढ झोप लागायची, हेही खरं. नोंदणीच्या आदल्या आठवड्यात माझं पोट बिघडायचं, आणि तुझं ‘यंदा न्हाई’ ऐकलं की बरं व्हायचं. मग मी दुकानात बसून सांगायला मोकळा, रशीद नको म्हणतो, नाहीतर मी केव्हाच जाऊन आलो असतो. मला जायचं असायचं, आणि जावं लागू नये असंही असायचं. ह्यातलं पहिलं मी गावाला दाखवलं आणि दुसरं तुझ्या नावावर ठेवलं. तू ते ठेवून घेतलंस. तुला कळत होतं की नव्हतं? मला वाटतं, कळत होतं. तू एंजिनाचा आवाज ऐकून सांगायचास आत काय बिघडलंय, आणि मी तर तुझ्यासमोर स्टुलावर बसून असायचो.

तुझे उपकार मोजायला बसलो तर माझ्या सगळ्या शर्यती त्यात जातील. पण हा उपकार सगळ्यात मोठा होता आणि त्याबद्दल मी तुला शब्दानं काही म्हटलं नाही. चिडवलं तेवढं.

दुपारी बाळू आला, सोबत आपल्या मंडळातले दोघं-तिघं. टेम्पोवाला बयाणा मागतोय म्हणाले. मी अजून फरशीवरच होतो, अंगठ्याला चिंधी बांधून.

“टेम्पो नको सांगू,” मी म्हणालो. “मी जात न्हाई.”

“कावून?” बाळू म्हणाला. “आता कावून? तात्या न्हाई म्हणले?”

“तात्या हो म्हणले.”

“भाभी?”

“त्या बी हो म्हणल्या.”

“मग कोण नको म्हणतंय?”

इतकी वर्षं या प्रश्नाला माझ्याकडं तुझं नाव होतं. आताही जिभेवर तेच आलं. अगदी ओठापर्यंत आलं. गिळलं ते.

“मी,” मी म्हणालो. “मला भ्या वाटतं बाळू. पयल्यापासून वाटतं. मला चेन बसवता येत न्हाई.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाळू खाली बसला, माझ्या हातातली पक्कड घेतली आणि कोपऱ्यातल्या हवेच्या टाकीमागं गेलेली पट्टी शोधायला लागला. मग तो म्हणाला, “येवढंच होतं तर रशीदभाईला सांगायचं की. त्यांनी शिकवलं नसतं का?”

शिकवलं असतंस. टेम्पोत तू तेच तर म्हणत होतास. तू कधीच ‘कधीच न्हाई’ म्हणाला नाहीस, रशीद, मी आज सगळी सालं आठवून बघितली. मला भीती वाटते एवढं मी एका साली म्हणालो असतो, तर पुढच्या साली तूच गाडीखालून बाहेर येऊन हात पुसत म्हणाला असतास, चल बे.